टाइप जुळला, पुढे काय?

हॅस्केल ही प्रोग्रॅमिंग भाषा वापरणाऱ्यांमध्ये एक समज पक्का रुजलेला आहे की, फंक्शनचा टाइप, म्हणजे ते कोणत्या प्रकारची माहिती घेते आणि कोणत्या प्रकारची परत देते, हे नीट लिहिले म्हणजे वेगळ्या डॉक्युमेंटेशनची फारशी गरज उरत नाही. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत नव्याने शिकणारे मोजत असतात. आपल्या वर्तुळात सध्या तयार फंक्शनांच्या नव्या लायब्ररींपेक्षा, आहेत त्या लायब्ररींना चार-चार ओळींची उदाहरणे जोडण्याची निकड अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आधी तथ्याचा भाग. हूगल या हॅस्केलच्या शोधयंत्रात फंक्शनचे नाव ठाऊक नसले तरी काम भागते. काय देणार आणि काय परत हवे, एवढे टाइपच्या रूपात लिहिले की तशी फंक्शने पुढ्यात येतात. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेणारे फंक्शन आणि पहिल्या प्रकारची यादी द्यायची, दुसऱ्या प्रकारची यादी हवी, असे विचारले की मॅप हे फंक्शन मिळते. ज्याला नेमका प्रश्न मांडता येतो त्याला कोणाकडे विचारायलाही जावे लागत नाही, आणि ही सोय फार थोड्या भाषांच्या वाट्याला आली आहे.

अडचण त्यानंतर सुरू होते. आम्ही काही जण अधूनमधून शनिवारी कोथरूडला लॅपटॉप घेऊन जमतो. तिथे येणाऱ्या एका विद्यार्थ्याने सरावासाठी पीएमपीच्या काही मार्गांची आणि थांब्यांची यादी टंकून ठेवली होती, आणि त्याला प्रत्येक थांब्याखाली तिथून जाणाऱ्या बस एकत्र करायच्या होत्या. हूगलवर शोधून त्याने 'एक्स्ट्रा' लायब्ररीतले ग्रुपऑन घेतले. "सर, टाइप जुळला, कंपाइलरही काही बोलला नाही, मग स्वारगेट तीन ठिकाणी का दिसतंय?" असा त्याचा प्रश्न होता. कारण साधे आहे. ग्रुपऑन फक्त शेजारी-शेजारी असलेल्या समान नोंदी एकत्र करते. सगळी यादी आधी क्रमाने लावून घेऊन मग गट करणारे ग्रुपसॉर्टऑन त्याच लायब्ररीत आहे. जाणकाराला हा फरक टाइपमध्येही दिसतो, कारण पहिल्याला केवळ समानता तपासता येणे पुरते, तर दुसऱ्याला लहान-मोठा क्रम ठरवता यावा लागतो, आणि क्रमाशिवाय यादी लावणार कशी? पण हे वाचायची नजर येण्याआधीच्या माणसाला 'स्वारगेट, डेक्कन, स्वारगेट' एवढ्या तीन नावांचे उदाहरण उत्तरासह दाखवले असते, तर त्याची दुपार वाचली असती.

मराठी मजकूर हाताळताना तर ही उणीव फारच जाणवते. जीएचसीआय या, हॅस्केलची ओळ टंकताच चालवून दाखवणाऱ्या साधनात 'पुणे' ही स्ट्रिंग टंकून एंटर दाबले की पडद्यावर पुणे उमटत नाही. तिरप्या रेघांनी तोडलेले २३४६, २३६९, २३३९, २३७५ असे आकडे उमटतात. बिघाड काहीच नसतो, दाखवण्यासाठी वापरलेले शो हे फंक्शन आस्की या इंग्रजीपुरत्या चिन्हसंचाबाहेरची अक्षरे अशीच लिहिते, आणि पुटस्टरलाइन वापरले की पुणे नीट दिसते. पुढे लांबी विचारली तर उत्तर ४ येते, कारण उकार आणि मात्रा स्वतंत्र मोजल्या जातात. वाचणाऱ्याच्या लेखी अक्षरे दोनच आहेत, आणि ते उत्तर हवे असेल तर 'टेक्स्ट-आयसीयू' लायब्ररीतली अक्षरसीमा शोधणारी फंक्शने वापरावी लागतात. (२०२१ मध्ये 'टेक्स्ट' लायब्ररीच्या २.० आवृत्तीने आतली साठवण यूटीएफ-१६ या अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीवरून यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीवर नेली, तेव्हा देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला २ ऐवजी ३ बाइट लागू लागले. तरीही फाइल वाचताना करावे लागणारे रूपांतर टळले, म्हणून मी त्या बदलाच्या बाजूने आहे.) यातली एकही गोष्ट गुपित नाही, पण एका जागी, मराठी शब्द घेऊन, ती कोणी मांडलेली मला आढळली नाही.

नवी लायब्ररी लिहिण्याचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु हॅकेज या हॅस्केल पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारात एकदा चढवलेली आवृत्ती बदलता येत नाही आणि सहसा काढूनही टाकता येत नाही. हा नियम योग्यच आहे, कारण २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात लेफ्ट-पॅड नावाचे काही ओळींचे पॅकेज मागे घेतले गेले, तेव्हा त्यावर विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड कोसळले होते. मात्र याच नियमामुळे, उत्साहाच्या भरात टाकलेले आणि पुढे कोणी न सांभाळलेले पॅकेज शोधात येतच राहते. हॅकेजचे विश्वस्त अशा पॅकेजच्या अवलंबित्वाच्या मर्यादा, म्हणजे त्याला इतर पॅकेजच्या कोणत्या आवृत्त्या चालतात ही नोंद, सुधारू शकतात. चढवलेल्या आवृत्तीतला कोड मात्र तसाच राहतो.

उदाहरणाचे ओझे त्या मानाने हलके असते. हॅडॉक या, कोडमधल्या टिपणींतून डॉक्युमेंटेशन तयार करणाऱ्या साधनाच्या टिपणीत तीन कोनी खुणांपुढे एक ओळ आणि खाली अपेक्षित उत्तर लिहिले की 'डॉकटेस्ट' हे साधन ती ओळ खरोखर चालवून पाहते, त्यामुळे पुढच्या बदलात उदाहरण शिळे झाले तर चाचणीच फसते. क्विकचेक या हॅस्केलच्या चाचणी-लायब्ररीने २००० साली दाखवलेली, गुणधर्म लिहून चाचण्या आपोआप तयार करून घेण्याची रीत अर्लांग, स्काला, पायथन अशी हिंडून आली, तिच्यापुढे हे काम किरकोळ वाटेल. पण क्विकचेकचा गुणधर्म वाचायलाही आधी सराव लागतो, उदाहरण पहिल्या दिवशी वाचता येते.

आमच्या शनिवारच्या गटात आता असे ठरले आहे की, ज्याची अडचण सुटली त्याने घरी जाण्यापूर्वी तिचे उदाहरण त्या-त्या लायब्ररीच्या मेन्टेनरकडे, म्हणजे ती सांभाळणाऱ्याकडे, पाठवायचे. 'टेक्स्ट-आयसीयू' वापरू पाहणाऱ्यांसाठी तोवर एवढे सांगून ठेवतो की, ती सी भाषेतून वापरता येणाऱ्या आयसीयू या युनिकोड लायब्ररीवर उभी आहे, त्यामुळे उबुंटूवर आधी 'लिबआयसीयू-डेव्ह' बसवून घ्यावे, नाहीतर कबाल हे पॅकेज बसवणारे साधन पहिल्याच पायरीवर अडून बसते.