लातूरच्या माणसाला डाइव्हचं लॉगबुक लागतं का?

स्कूबा डायव्हिंगचा, म्हणजे टाकीतली हवा घेत पाण्याखाली हिंडण्याचा, कोर्स केल्याचं कार्ड खिशात असलं की झालं, प्रत्येक डाइव्हची नोंदवही कशाला, असं बरेच जण सांगतात. उथळ पाण्यात हिंडायचं असेल तर बऱ्याचदा भागतंही. मला मात्र अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, डिक्सन्स पिनॅकल या समुद्राखालच्या सुळक्यावर जायचं होतं. तिथला मामला खोल, आणि प्रवाहही असतो. त्यात माझी आधीची डाइव्ह होऊन वर्ष उलटून गेलेलं.

मराठवाड्यातल्या डायव्हरची अडचण हीच. मुंबई-पुण्याचा माणूस जोडून सुट्ट्या आल्या की मालवण गाठतो. लातूरहून निघायचं तर रजा, पैसे आणि घरच्यांची समजूत, सगळं एकदम जुळावं लागतं. त्यामुळं मधे मोठा खाडा पडतो. आई तर दरवेळी विचारते, "पाण्याखाली जाऊन करूलालास तरी काय?"

सेंटरला व्हॉट्सअ‍ॅप केलं तर त्यांनी कार्डाचा फोटो, लॉगबुकची शेवटची काही पानं आणि मेडिकल फॉर्म मागवला. शेवटची डाइव्ह कधी आणि किती खोल, हेही विचारलं. कार्डाला मुदत नसते, मग एवढी चौकशी कशाला, म्हणून मी फोनच लावला. पलीकडचा इन्स्ट्रक्टर मालवणचा निघाला. म्हणाला, "काका, अ‍ॅडव्हान्स्ड कार्ड घेऊन येणाऱ्या कितीतरी पोरांच्या सगळ्या मिळून नऊच डाइव्ह झालेल्या असतात. कार्डावरून मला काय कळणार?"

हिशोब अगदी खरा आहे. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ओपन वॉटर या पहिल्या कोर्समध्ये समुद्रातल्या 4 डाइव्ह असतात आणि मुभा मिळते 18 मीटरची. अ‍ॅडव्हान्स्डला आणखी 5 केल्या की 30 मीटर. दोन्ही कोर्स लागोपाठ करता येतात, म्हणजे आठवड्याभरापूर्वी पहिल्यांदा मास्क घातलेल्या माणसाकडंही 30 मीटरचं कार्ड असू शकतं. तिथं दाब जमिनीवरच्या चौपट असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही चौपट जाते. घाबरून धापा टाकल्या तर 200 बार दाबाची भरलेली टाकी बघता बघता 50 वर येते. मालवणला गाईडनं हाताला धरून मासे दाखवले, फोटो काढला, तो अनुभव तर यात धरतच नाहीत, हेही आमच्या गल्लीतल्या दोघातिघांना पटवावं लागलं.

मेडिकल फॉर्मनं जास्त दमवलं. वय पंचेचाळिसाच्या पुढं आणि बीपीची गोळी चालू, की डॉक्टरची सही आलीच. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी फॉर्म उलटसुलट वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "2016 ला या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आणि तुम्ही पैसे देऊन पाण्यात बुडायला चाललात?" मग मात्र त्यांनी ईसीजी काढला, स्ट्रेस टेस्टला पाठवलं, कानात बॅटरी मारून बघितलं आणि रिपोर्ट आल्यावरच सही केली. सर्दी असेल तर उतरायचं नाही, अशी तंबी वर. हे काम निघायच्या आदल्या दिवशी होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता लॉगबुकाचं. ते आपणच लिहायचं, नंबर आपणच घालायचा. बडीची, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराची सही, सेंटरचा शिक्का असतो. पण तलाठ्याच्या दप्तरात फेरफार नोंदवावा तशी त्याची कुठं नोंद होत नाही. कुणाला खोटं लिहायचंच असेल तर हॉटेलच्या खोलीत बसून शंभर डाइव्ह लिहिता येतील. म्हणून पुरावा म्हणाल तर तो कच्चाच. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये खोली आणि वेळेचा आलेख आपोआप साठतो, तो जास्त भरवशाचा. तरी तो कॉम्प्युटर तुमचाच कशावरून, हा प्रश्न उरतोच.

पण त्या मालवणच्या पोरानं माझी पानं वाचली ती वेगळ्याच नजरेनं. नंबराकडं त्यानं बघितलंही नाही. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाच्या पानावर थांबला. तिथं मी लिहिलं होतं: 3 मिमीचा सूट, खाली जायला लावलेलं 6 किलो वजन, जरा जड, हवा 200 वरून 60, उतरताना उजव्या कानाचा दडा उशिरा सुटतो. त्यानं दोनच गोष्टी विचारल्या. कान अजून तसाच आहे का, आणि 60 उरली तेव्हा किती वेळ झाला होता? मग म्हणाला, "उद्या 5 किलो लावू. दोरीला धरून पाय खाली ठेवून उतरा, मी शेजारी असतो. आधी उथळात बघू, मग पिनॅकलचं ठरवू."

उथळात म्हणजे नेमो रीफ. मन थोडं खट्टू झालं. एवढी पानं दाखवून पुन्हा नवशिक्यांच्या जागी. पण त्याचं बरोबर होतं. वाळूवर गुडघे टेकून मास्कमध्ये पाणी भरायचं, नाकानं फुंकून काढायचं, हवा घ्यायचा तोंडातला रेग्युलेटर सोडून परत धरायचा, मग हात-पाय न हलवता अधांतरी थांबायचं. पहिल्या दोन गोष्टी जमल्या. अधांतरी थांबताना मी लिफ्टसारखा वर-खाली व्हायला लागलो. पोहणं विहिरीत शिकलोय, पाठीला डबा बांधून. मुटका मारायचा नि वर यायचं, एवढंच तिथलं शास्त्र. श्वासावर तरंगणं मोडलं की ते पुन्हा बसवावंच लागतं.

आमच्याबरोबर साठीच्या आतबाहेरच्या एक परदेशी बाई होत्या. लॉगबुक नाही, कागद नाही, कार्ड आणि मनगटावर जुना कॉम्प्युटर. पाण्यात शिरल्या आणि पलंगावर आडवं व्हावं तशा स्थिर झाल्या. त्यांना त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. पुण्याच्या एका मुलाकडं सुंदर बाइंडिंगची वही, रंगीत शिक्के. त्याची हवा मात्र सगळ्यांच्या आधी संपत आली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला उथळ साइटच्या बोटीवर घातलं. तो चिडला होता. माझ्या मते सेंटरनं योग्य केलं.

पिनॅकलची डाइव्ह झाली. कान दोरीवरच सुटला, 5 किलो बरोबर बसले. माशांचं वर्णन इथं करत नाही, ते यूट्यूबवर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

आकडा खरंच लागतो तो पुढं. पॅडीचा डाइव्हमास्टर, म्हणजे इतरांना पाण्यात घेऊन जाणाऱ्याचा, कोर्स सुरू करायला 40 नोंदवलेल्या डाइव्ह लागतात, पूर्ण व्हायला 60, आणि इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला 100. तिथं "झाल्यात हो बऱ्याच" चालत नाही. त्या वाटेनं जायचं मनात असेल तर पहिल्या दिवसापासून लिहा. नसेल तरी वजन, सूट आणि कान एवढं तरी लिहाच. वर्षभर उन्हात राहिल्यावर ते कुणाच्या लक्षात राहतं?

मी आता बोटीवरच लिहितो, कारण किनाऱ्यावर उतरलं की बडी फेरी पकडायला पळतो आणि सही राहते. बाहेर पडल्याची वेळही टाकतो. एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्यावर विमानाआधी किमान 18 तास थांबायचं असतं, तेव्हा ती वेळ कामाला येते. पानांचे फोटो स्वतःलाच मेल करून ठेवतो. पावसाळा संपल्यावर नेत्राणीसाठी मुरुडेश्वरच्या एका सेंटरला हेच फोटो आणि डॉक्टरांचा कागद पाठवला. त्यांचं उत्तर आलं: सकाळी सातला जेट्टीवर या, पहिली डाइव्ह उथळ करू.