झुरिकमध्ये एक दिवस: अ‍ॅनाबॅप्टिस्टांची पाचशे वर्षं

29 मे 2025, स्वर्गारोहणाचा गुरुवार. जर्मनीत सुट्टी होती, म्हणून छत्तीसगडमधल्या धमतरीच्या मैत्रिणीच्या आग्रहाखातर श्टुटगार्टहून झुरिक गाठलं. अ‍ॅनाबॅप्टिस्ट (बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचा पाण्याचा विधी, जाणत्या वयातच व्हावा असं मानणाऱ्यांच्या) चळवळीला 500 वर्षं झाली म्हणून मेनोनाइट वर्ल्ड कॉन्फरन्सने, म्हणजे त्यांच्यातल्या मेनोनाइट पंथाच्या जागतिक संघटनेने, मेळावा भरवला होता. मैत्रीण पिढीजात मेनोनाइट. मी नगरचा, सीएनआयवाला (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), तीन महिन्यांचा असताना बाप्तिस्मा झालेला. म्हणजे ज्यावरून हे सगळं रामायण घडलं, त्यात मी पलीकडच्या बाजूचा!

21 जानेवारी 1525 ला ग्रोसम्युन्स्टर चर्चमागच्या नॉयश्टाटगासे गल्लीत, फेलिक्स मान्झच्या आईच्या घरी काही तरुण जमले आणि त्यांनी एकमेकांना बाप्तिस्मा दिला. तान्ह्या बाळाला काय कळतं, माणसाने समजून-उमजून विश्वास धरावा, एवढंच म्हणणं. झुरिकच्या नगर परिषदेला ते खपलं नाही. 5 जानेवारी 1527 ला मान्झला हातपाय जखडून लिमाट नदीत बुडवलं. तो तिशीचाही नसावा. काठावरून आई ओरडून सांगत होती, डगमगू नकोस.

संध्याकाळची मुख्य उपासना त्याच ग्रोसम्युन्स्टरमध्ये होती, म्हणजे त्या वेळचा झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली याच्या चर्चमध्ये. आम्ही रांगेत उभे राहिलो आणि राहिलोच. आत जागा संपली. शेवटी नदीकाठी बसून मोबाइलवर थेट प्रक्षेपण पाहिलं. इथे माझा गाढवपणा: स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे माझ्या जर्मन सिमला तिथे रोमिंगचे पैसे पडतात. बिल बघून उपासनेची सगळी शांती गेली. तुमच्या प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड आहे का, ते निघण्याआधी बघाच.

जर्मनीतले विद्यार्थी असाल तर डॉइशलांड तिकिटावर (जर्मनीभर चालणारा मासिक पास) लोकल गाड्यांनी सीमेपलीकडच्या शाफहाउजेनपर्यंत जाता येतं. पुढचं तिकीट स्विस रेल्वेच्या अ‍ॅपवर. पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड जवळ ठेवा. या सुट्टीला तिथली दुकानंही बंद असतात, मुख्य स्टेशनातली मात्र उघडी सापडतात, म्हणून खाणं तिथूनच घ्या. पाणी विकत घेऊ नका. शहरभर हजाराच्या वर कारंजी आहेत, बाटली भरा आणि प्या.

आणि वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण स्टेशनवरून दहा मिनिटं चालत लिमाटच्या काठच्या शिप्फे भागात जा. तिथे काठाच्या भिंतीत 2004 साली बसवलेली एक शिला आहे. मान्झ आणि आणखी पाच जणांना 1527 ते 1532 मध्ये इथे बुडवलं, आणि शेवटचा हान्स लांडिस 1614 मध्ये मारला गेला, एवढंच त्यावर कोरलंय. मला वाटलं होतं मोठं स्मारक असेल. शोधताना आम्ही दोनदा पुढे निघून गेलो.

शिलेपाशी नेदरलँडच्या एक आजी भेटल्या. ‘तुझा बाप्तिस्मा कधी झाला?’ त्यांनी विचारलं. मी चाचरत खरं ते सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, ‘मग तुला तर काहीच आठवत नसेल!’

नाहीच आठवत. रात्री आईला फोन लावला आणि विचारलं, त्या दिवशी मी रडलो होतो का?

‘रडलास? पाळकांची दाढी धरून ठेवली होतीस.’