निखिलचा स्विमिंग पूल आन आमचा टँकर

मी लातूरकडं एचआयव्हीची समुपदेशक आहे. म्हणजे टेस्टच्या आधी अन नंतर दिवसभर तेच ते बोलायचं. मागच्या एक डिसेंबरला, एड्स दिनाला, एका संस्थेच्या डीआयसीत, म्हणजे गे पोरं अन तृतीयपंथी दुपारचे येऊन बसतात त्या दोन खोल्यांत, आम्ही 'माय ब्रदर निखिल' लावला. भाषणाला सगळे कंटाळलेले म्हणून पिक्चर, बाकी काही थोर विचार नव्हता. भिंतीला बेडशीट अन मागून आणलेला प्रोजेक्टर.

पिक्चर ओनिरचा, २००५ चा. संजय सुरी त्यात निखिल झालाय, एचआयव्ही झालेला गोव्यातला स्विमिंग चॅम्पियन. त्यामागं डॉमिनिक डिसोझा नावाचा खरा माणूस आहे, रक्तदान करायचा त्यातून एचआयव्ही कळला अन १९८९ ला पोलिसांनी उचलून जुन्या टीबीच्या दवाखान्यात ६४ दिवस कोंडून ठेवला, कारण गोव्याचा कायदाच तसा होता. हे मी सुरुवातीला सांगितलं, कुणी फारसं ऐकलं नाही.

मग पूल दिसला की पोरं हसायलीत, "एवढं पाणी! ह्याच्यासाठी बी मिरजेहून रेल्वे आली काय?" २०१६ ला ट्रेननं पाणी पिलेलं गाव आमचं, असले जोक आपोआप निघतात. पण निखिल पाण्यात उतरला अन बाकीचे पोहणारे बाहेर निघायले तसं खोलीत कुणी बोलेना. मागून म्हातारी मावशी, त्यांच्यातली गुरू, म्हणली, "माझा हंडा बी असाच काढला होता टँकरवर. हिचा शेवटी भरा, पाईपला हात लावू देऊ नका म्हणले. अन टँकरवाला तोच पाईप दिवसभर काखेत घालून हिंडायचा, त्याचं चालायचं!" रडत नाही, शिव्या घालत सांगितलं. सगळे परत हसले.

पाण्यातून पसरत नाही हे मी रोज दहादा म्हणते. अन खरं सांगते, पहिले दोन-तीन महिने त्या डीआयसीतल्या माठाचं पाणी मी पिले नव्हते, घरून बाटली न्यायची. उन्हाळा आहे म्हणून, असं स्वतःला सांगायची.

तेवढ्यात एक पोरगा उठून बाहेर गेला. बावीसचा असेल, दोन महिन्याखाली रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेला, एआरटीला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या चालू करायला, यायचं नावच नाही, फोन केला की कट. चपला काढतात त्या पायरीवर बसला होता. मी काही विचारायच्या आधीच म्हणला, "माय माझा तांब्या वेगळा ठेवायली मॅडम. रागानं नाही, रोज सगळ्यात आधी माझाच घासती. तिला आजाराचंच माहीत आहे, माझं बाकीचं नाही."

ह्याच्यावर काय बोलणार? मी नुसती बसले शेजारी. आत पिक्चर चालूच होता.

सोमवारी आला, एकटाच. तपासण्या वगैरे झाल्यावर गोळ्यांची डबी हातात फिरवत विचारलं, "मी मधीच उठलो होतो. तो वाचतो का शेवटी?"

खोटं बोलावं वाटलं क्षणभर. "नाही वाचत," म्हणलं, "ती गोष्ट १९९४ पर्यंतची आहे, तेव्हा ह्या गोळ्या नव्हत्या. आपल्याकडं सरकारनं फुकट द्यायला सुरू केल्या ते २००४ ला."

बराच वेळ डबीकडं बघत बसला. मग म्हणला, "रात्री जेवल्यावर घेतली तर चालती का? सकाळी माय घरी असती."

"चालती. फक्त टाइम रोज एकच ठेव."