तुम्ही विचारलंत म्हणून: ती चार गाणी कुठे गेली

"तुमचा पहिला ईपी येणार होता ना, त्याचं काय झालं?" पुण्यात कुठल्याही गिगला गेलो की कुणीतरी विचारतंच. ईपी म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, आमची चार गाण्यांची. बँड मोडला हे तुम्हाला माहीत आहे, त्यात जात नाही. गाण्यांचं मात्र मी कधी नीट सांगितलेलं नाही.

आमच्यासमोर बझकॉक्स या इंग्लिश पंक बँडचा पहिला ईपी, 'स्पायरल स्क्रॅच' होता. २८ डिसेंबर १९७६ला मँचेस्टरमध्ये एका दिवसात रेकॉर्ड केलेली चार गाणी, उसने घेतलेले ५०० पौंड, स्वतःचंच लेबल, पहिल्या १,००० प्रती. कव्हरवर प्रत्येक गाण्यापुढे छापलेलं: टेक कितवा, गिटार वरून भरली की नाही. आम्हीही तसंच छापणार होतो. म्हणून एका रविवारी कोथरूडच्या स्टुडिओत चौघांनी एकाच खोलीत चारही गाणी वाजवली.

तिसऱ्या गाण्यात वरच्या सुरावर आमचा गायक कणसूर लागत होता. प्रत्येक टेकला, त्याच जागी. मी तंबोऱ्याच्या घरात वाढलोय, आई गाणं शिकवायची. आणि पंक असलं तरी आमची सगळी मदार चालीवर होती. वाजवण्यात आम्ही कुणी मोठे नव्हतो. चालच घसरली तर उरतं काय? हे मी तेव्हा म्हणत होतो, आजही म्हणतो.

पण केलं काय, तर फायली घरी आणल्या आणि दहा-बारा रात्री बसून त्याचा एकेक सूर ओढून जागेवर बसवला. श्वास कापले. गिटारचे थर चढवले. कुणालाही सांगितलं नाही.

मग तिघांना खोलीवर बोलावून ऐकवलं. ड्रमर खूश झाला. तिसरं गाणं लागलं, ती जागा आली, सूर चोख लागला.

"हे कोण गातंय?" गायकाने विचारलं.

मला वाटलं, आवडलं त्याला. म्हटलं, "तूच की!"

"मी नाही. बाबांची ओळ आहे ती. तिथे माझा आवाज फाटतो, तुला माहितीये."

मला माहीत होतं. बाबा गेले त्या रात्री मी त्याच्याबरोबर ससूनमध्ये होतो. त्याने चहाचा कप विसळून ओट्यावर पालथा घातला, चपला घातल्या आणि गेला. जॅमला, म्हणजे आमच्या सरावाला, पुन्हा आला नाही.

"बझकॉक्सचा गायक हॉवर्ड डेव्होटोही ईपी आल्यावर लगेच गेला, मग त्यांचा गिटारिस्ट पीट शेली गायला लागला, तसं तू गायचंस," हे मला कितीजणांनी ऐकवलंय. पण डेव्होटोचा आवाज त्या रेकॉर्डवर जसा होता तसा राहिला.

"मग मूळ टेकच काढा ना!" त्याला न विचारता, पुन्हा? आणि विचारायचं तर कुठल्या तोंडाने?

मागच्या महिन्यात मूळ टेक लावला. ती जागा अजून कणसूरच लागते. ती दुरुस्त व्हायला हवी होती असं मला अजूनही वाटतं, त्याला विचारून. विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता, हेही तेव्हा कळत होतं.