सीए-१२५ वाढले म्हणजे कर्करोगच, असे नाही
एन्डोमेट्रिओसिस असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या रक्तातील सीए-१२५ हे प्रथिन ३५ युनिट प्रति मिलिलिटर या नेहमीच्या मर्यादेच्या बरेच वर आले, तेव्हा घरातल्या सर्वांनी अंडाशयाचा कर्करोगच गृहीत धरला. वास्तविक एन्डोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी पोटात इतरत्र रुजतात, त्यामुळे उदरपोकळीच्या आवरणाचा दाह होतो आणि ते आवरणही हेच प्रथिन रक्तात सोडते. शिवाय पाळीच्या दिवसांत त्याचे प्रमाण आणखी वाढते, म्हणून शक्य असेल तर ही तपासणी त्या दिवसांत करूच नये, असे मला कळकळीने वाटते. एचई-४ हे दुसरे प्रथिन एन्डोमेट्रिओसिसमध्ये सहसा वाढत नसल्याने सोनोग्राफीच्या जोडीला त्याची तपासणी उपयोगी पडते. उलट, सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगात सीए-१२५ अनेकदा मर्यादेतच राहते.