पुरेल एवढंच पाणी

प्रवासाला निघताना पाणी किती घ्यायचं, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. एक म्हणतो, वाटेत मिळेल. दुसरा मोठ्यात मोठी बाटली पिशवीत कोंबतो, आणि मग ती पिशवी उचलायची वेळ पहिल्या तटावर येते. या भांडणात मला हटकून व्हिक्टोरिया राणीच्या काळातली इंग्लंडमधली रेल्वे इंजिनं आठवतात. त्यांचंही भांडण हेच होतं, फक्त हिशेब हजारो लिटरचा.

वाफेच्या इंजिनाला कोळशाहून जास्त घोर पाण्याचा. लांब पल्ल्याच्या इंजिनामागे म्हणून टेंडर जोडलेलं असे, म्हणजे कोळसा आणि पाणी भरलेलं वेगळं वाहन. ते एकाही उतारूचं भाडं देत नाही, पण ओढावं मात्र लागतं. शिवाय शेवटच्या स्टेशनावर इंजिन फिरवायला गोल फिरती मेज हवी. ती नसेल तर उलटं धावायचं, म्हणजे टेंडर पुढे, आणि कोळशाची भुकटी थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांत. दिवसभर खेपा करणाऱ्या उपनगरी गाडीला हे थेर परवडणार कसे? त्यावर उत्तर निघालं ते टँक इंजिन. पाणी स्वतःच्या अंगावर, कोळसा पाठीमागच्या छोट्या कप्प्यात, पुढे धावलं काय नि मागे धावलं काय, सारखंच. वर पाण्याचं वजन चाकांवर पडल्यामुळे रुळांवरची पकडही चांगली. अर्थात पाणी संपत जाईल तशी ती पकडही सैल होई. फुकट काहीच मिळत नाही.

पण पाणी ठेवायचं कुठे? बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पेट्या बसवल्या तर आतल्या यंत्रापर्यंत हात पोचत नाही. बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी टाकी टाकली तर जागा वाचते, पण पाणी तापतं, आणि बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर गरम पाण्याला अजिबात दाद देत नाही. तिसरी जागा चाकांच्या मधे, चौकटीत, अगदी खाली. त्यामुळे तोल उत्तम राहतो, पण तिथे मावणार ते किती! १८२९ च्या रेनहिलच्या इंजिनांच्या शर्यतीत स्टीफन्सनच्या रॉकेटशी झुंजलेल्या नॉव्हेल्टीनं पाणी असंच खाली ठेवलं होतं. ब्रेथवेट आणि एरिक्सन यांचं हे नाजूक यंत्र बघ्यांचं लाडकं होतं, पण ऐन वेळी पुन्हा पुन्हा बिघडलं आणि बक्षीस रॉकेटला गेलं. आपल्याकडे जपून ठेवलेली १८५५ ची फेअरी क्वीनही याच जातीची. लीड्सच्या कारखान्यातून आलेल्या या इंजिनाचं पाणी पोटाखाली आहे, म्हणून तिच्याकडे बघून ती टँक इंजिन असल्याचं चटकन लक्षात येत नाही.

या छोट्या इंजिनांना मोठेपणाचा सोसही एकदा झाला होता. ब्रिस्टल अँड एक्झीटर रेल्वेच्या जेम्स पिअर्सननं १८५३-५४ मध्ये टँक इंजिनांना तब्बल नऊ फूट व्यासाची चाकं लावली, आणि त्या चाकांना रुळावर धरून ठेवणारी कडच ठेवली नाही. ती ताशी १३० किलोमीटरच्या आसपास पळाली. त्या काळात हा वेग ऐकून माणसं हबकली असतील. यांतली काही इंजिनं पुढे नव्यानं बांधून काढली. त्यांपैकीच एक १८७६ मध्ये लाँग अ‍ॅश्टनला रुळावरून उतरलं आणि ड्रायव्हर-फायरमन दोघेही गेले. माझं मत विचाराल तर टँक इंजिनानं एक्सप्रेसच्या नादी लागायलाच नको होतं.

त्याचा खरा संसार लंडनमध्ये, तोही जमिनीखाली. १० जानेवारी १८६३ ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी जेमतेम सहा किलोमीटरची भुयारी रेल्वे सुरू झाली. पहिल्याच दिवशी सुमारे ३८,००० माणसं तिच्यात बसली. भुयारात वाफ सोडली तर कुणाला काही दिसणार नाही, म्हणून वापरलेली वाफ नळीनं टाकीतल्या पाण्यातच नेऊन तिचं पुन्हा पाणी करायचं, अशी युक्ती काढली. वाफेची सोय लागली, धुराची नाही. आणि टाकीतलं पाणी इतकं तापे की खेपांच्या अधेमधे ते सोडून देऊन थंड पाणी भरावं लागे.

१८६४ मध्ये मँचेस्टरच्या बेयर, पीकॉक कंपनीनं या मार्गासाठी अठरा टँक इंजिनं बांधली. त्यांना नावं दिली ग्रीक-रोमन पुराणांतली, आणि त्यांत एक प्लूटो, म्हणजे पाताळाचा राजा, आणि एक सर्बेरस, म्हणजे त्या पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा! ही नावं ठेवणारा माणूस गालातल्या गालात हसत असणार. ड्रायव्हरला मात्र हसू आलं असेल असं वाटत नाही. त्याच्या डोक्यावर छप्परही नव्हतं, समोर काय तो एक पत्रा, बाकी भुयारातला सगळा धूर त्याचाच.

विल्यम स्ट्राउडली हा गृहस्थ याहून दयाळू. लंडन-ब्रायटन रेल्वे कंपनीसाठी त्यानं १८७२ ते १८८० या काळात पन्नास चिमुकली टँक इंजिनं बांधली. लोक त्यांना टेरिअर म्हणत, त्या चपळ, भुंकऱ्या कुत्र्यांवरून. वजन तीस टनांच्याही आत. स्ट्राउडली ड्रायव्हरचं नाव इंजिनाच्या केबिनमध्ये रंगवून घेई, त्यामुळे माणूस ते इंजिन घरच्यासारखं घासूनपुसून ठेवी. रंग चक्क पिवळा, आणि कंपनीच्या दप्तरी त्याची नोंद ‘सुधारित हिरवा’! त्याला रंग ओळखता येत नव्हते अशी कुजबुज आहे. मला ती खरी वाटत नाही, साहेबाला चुकलात म्हणून सांगायची कुणाची छाती झाली नसेल इतकंच. बहुतेक इंजिनांना लंडनच्या वस्त्यांची नावं होती: स्टेपनी, पॉपलर, व्हाइटचॅपेल. नवखा उतारू ती पाटी वाचून भलत्याच गाडीत चढला नसेल, असं छातीठोक कोण सांगेल?

गाड्या जड झाल्या तशी टेरिअर लंडनला पुरेनाशी झाली. काही मोडली, काही छोट्या कंपन्यांनी विकत घेतली. पण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेलिंग बेटाकडे जाणारा लाकडी पूल इतका कमकुवत होता की त्यावर याहून जड इंजिन घालायची सोयच नव्हती. त्या पुलामुळे टेरिअरची नोकरी १९६३ मध्ये तो मार्ग बंद होईपर्यंत टिकली.

याच्यावर ताण म्हणजे बीटीची इंजिनं. लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वे कंपनीसाठी जोसेफ बीटीच्या आराखड्यावरून १८६३ पासून उपनगरी गाड्यांकरता पोटाखाली पाणी ठेवणारी पंचाऐंशी इंजिनं बनली. लंडनमधली त्यांची सद्दी विसाव्या शतकाच्या आतच संपली. तीन मात्र इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलला गेली, वेनफर्ड ब्रिजच्या चिनी मातीच्या मार्गावर. तिथली वळणं एवढी आवळ होती की मोठं इंजिन फिरकूच शकत नव्हतं. १८७४-७५ च्या सुमारास बनलेली ही तिघं तिथे मातीचे डबे ओढत राहिली, ती डिसेंबर १९६२ पर्यंत. मग त्यांच्या जागी रेल्वेनं जवळजवळ साठ वर्षांनी लहान, १९३४ ची टँक इंजिनं आणली. ती दोन वर्षांत निवृत्त झाली.