एक्क्यांची जोडी आणि पाच कॉल: मोठ्या हातांची वही

आमच्या कोथरूडच्या शनिवारच्या होल्डेम पोकरच्या टेबलावर एक तक्रार कायम ऐकू येते: चांगले पत्ते आले की हमखास मार बसतो. एक्क्यांची जोडी कुणाच्या तरी तिर्रीच्या सेटपुढे (तीन तिर्र्यांपुढे) आडवी होते. राजांची जोडी हातात असताना नेमका एक्का पडतो. एक्का-राजा आले तर शेवटपर्यंत काहीच लागत नाही. म्हणून गेले काही महिने मी फक्त मोठ्या हातांची वेगळी वही ठेवतोय. कुठल्या जागेवरून खेळलो, किती जणांनी कॉल केला (तेवढेच पॉइंट घालून आत राहिले), फ्लॉपनंतर (टेबलावर पहिले तीन पत्ते उघडल्यावर) किती पॉइंट घातले आणि पत्ते कुठे टाकले, एवढंच त्यात लिहितो. ही वही आता काहीतरी सांगण्याइतकी भरली आहे.

आधी आमच्या खेळाबद्दल. पैसे लावायचे नाहीत, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. प्रत्येकाला 2000 पॉइंट, ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी घालायचेच पॉइंट) 5 आणि 10, सात-आठ माणसं. बहुतेक जण दिवाळीतल्या तीन पत्तीवर वाढलेले आहेत, आणि हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. तीन पत्तीत वाटप संपलं की हात पूर्ण झालेला असतो. एक्क्यांची जोडी आली तर ती शोपर्यंत तेवढीच राहते, आणि समोरच्याचा हातही बदलत नाही. होल्डेममध्ये हातात येतात ते सातातले दोन पत्ते. उरलेले पाच सगळ्यांचे असतात, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर), आणि ते प्रत्येकाला काही ना काही देऊन जातात. तीन पत्तीची सवय असलेला माणूस एक्क्यांकडे निकाल म्हणून बघतो, आणि तिथूनच पॉइंट जायला सुरुवात होते.

आता आकडे. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध रिव्हरपर्यंत नेली तर साधारण 85 टक्के वेळा जिंकते. दोघांविरुद्ध 73, तिघांविरुद्ध 64, चौघांविरुद्ध 56, पाच जणांविरुद्ध 49. म्हणजे पाच कॉल आले की होल्डेममधला सगळ्यात भारी हातसुद्धा निम्म्याहून जास्त वेळा हरतो. आमच्याकडे पाच कॉल म्हणजे रोजचंच होतं. यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: मोठी रेझ करा (पॉइंट वाढवा), गर्दी पांगवा.

हा सल्ला मला अर्धाच पटतो. सहा जणांनी प्रत्येकी 100 पॉइंट घालून पत्ते उघडे टाकले असं समजा. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) 600, त्यातले 49 टक्के एक्क्यांचे, म्हणजे 294. घातले 100, सरासरी फायदा 194. एकाच माणसाविरुद्ध हेच केलं तर 200 च्या पॉटचे 85 टक्के, म्हणजे 170, फायदा फक्त 70. डाव जास्त वेळा हरतो, पण पॉइंट जास्त मिळतात. त्यामुळे फ्लॉपच्या आधी गर्दी झाली म्हणून एक्क्यांचं नुकसान होत नाही. माझ्या वहीत मोठा तोटा सापडतो तो जवळपास दर वेळी टर्न आणि रिव्हरच्या रकान्यात. फ्लॉपच्या आधी 80 पॉइंट गेलेले असतात आणि नुसती जोडी धरून पुढे हजारभर.

एक डाव सविस्तर सांगतो. मी बटणावर (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणारी जागा), हातात इस्पिक एक्का आणि किलवर एक्का. माझ्या आधी चौघांनी नुसते 10 टाकून प्रवेश केलेला. मी 80 केले. हल्ली माझं माप ठरलंय: मोठ्या ब्लाइंडच्या (10 च्या) चौपट, आणि आधी आलेल्या प्रत्येक माणसामागे आणखी एक ब्लाइंड. दोन्ही ब्लाइंडवाल्यांनी पत्ते टाकले, चौघांपैकी तिघांनी कॉल केला. पॉट 345. फ्लॉपवर बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, चौकट तिर्री. सगळ्यांनी चेक केलं (काही न लावता पुढे सोडलं), मी 230 लावले, आणि एकटे वरच्या मजल्यावरचे काका आले. पॉट 805. टर्नवर किलवर सत्ती पडली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, चिप्सचे दोन गठ्ठे मोजले आणि थेट 800 पुढे ढकलले.

काका संध्याकाळभर चेक आणि कॉल करतात. स्वतःहून बेट करणं (पॉइंट लावणं) हा त्यांचा स्वभावच नाही. अशा माणसाकडे गुलाम-दश्शी असेल (सत्तीपासून गुलामापर्यंत सलग पाच, म्हणजे स्ट्रेट) तर माझे एक्के मेल्यात जमा, एकही पत्ता वाचवत नाही. तिर्रीचा किंवा अठ्ठीचा सेट असेल तर मला फक्त दोन एक्के उरतात. नव्वी-अठ्ठीच्या दोन जोड्या असतील तर 44 पैकी आठ पत्ते माझ्या कामाचे, म्हणजे 18 टक्के. नुसता बदामाचा फ्लश ड्रॉ (चार बदाम, पाचव्याची वाट) असेल तरच मी पुढे. कॉलला 800 लागत होते, समोर 1605 होते. म्हणजे कॉल परवडण्यासाठी तीनातून एकदा तरी जिंकायला हवं होतं, आणि रिव्हरवर आणखी 890 लागण्याची टांगती तलवार वेगळीच. काका फ्लश ड्रॉवर नुसता कॉल करतात, हे वहीत पूर्वीच नोंदलेलं होतं. एक्के टाकून दिले. काकांनी पत्ते उघडले नाहीत आणि मी विचारलेही नाहीत. वहीत निर्णय आणि त्यामागचा हिशेब लिहिला, तेवढा पुरेसा आहे.

याच डावाचा दुसरा हिशेब मला जास्त आवडतो. सगळ्यांकडे 2000 ऐवजी 500 पॉइंट असते तर? 80 आणि 230 गेल्यावर प्रत्येकाकडे 190 उरतात. काका ते सगळे लावतात, पॉट 995, मला 190 घालायचे. लागतात 16 टक्के. दोन जोड्यांविरुद्धसुद्धा माझ्याकडे 18 आहेत! सेट आणि स्ट्रेटला मी हरणार हे धरूनही, अधूनमधून एखादा फ्लश ड्रॉ निघाला की कॉल आरामात परवडतो. पत्ते तेच, काका तेच, आणि उत्तर बरोबर उलटं.

समोरच्या लहान जोड्यांचंही तसंच. जोडीला फ्लॉपवर सेट लागायची शक्यता साधारण साडेआठात एक. माझ्या 80 च्या रेझला आणखी 70 घालणाऱ्या माणसाला 1920 मागे दिसत असतील, तर तो सत्तावीसपट कमाईवर डोळा ठेवून येतो. त्याचा कॉल अगदी योग्य आहे, त्याला नशीबवान म्हणणं बरोबर नाही. मागे 420 असतील तर कमाई सहापट, आणि तोच कॉल तोट्याचा. घरच्या खेळात मोठ्या जोड्या मार खातात याचं मोठं कारण मला हेच दिसतं: हौसेने सगळ्यांना भरपूर चिप्स वाटलेल्या असतात. मी टेबलावर हा विषय काढला आणि आता एक शनिवार 2000 ने, एक शनिवार 500 ने खेळतो. 500 च्या शनिवारी माझ्या मोठ्या जोड्यांचे आकडे स्पष्टपणे बरे आहेत. अर्थात नोंदी अजून थोड्या आहेत.

आणखी एक बदल कामी आला. पॉइंटांना काहीच किंमत नव्हती तोवर पत्ते कोण टाकणार? आता महिन्याची बेरीज ठेवतो आणि तळाला असलेला माणूस रविवारी सगळ्यांना मिसळ खाऊ घालतो. फक्त एवढ्याने पाच कॉलचे तीन झाले.

बाकीच्या हातांबद्दल थोडक्यात. राजांची जोडी असताना फ्लॉपवर एक्का पडायची शक्यता 23 टक्क्यांच्या आसपास. राण्यांवर वरचा पत्ता पडतो 41 टक्के वेळा, गुलामांवर 57. म्हणजे गुलामांची जोडी निम्म्याहून जास्त वेळा वरचा पत्ता बघते, त्यात नवल काही नाही. तिघं-चौघं आत असतील आणि वरचा पत्ता पडला असेल तर मी एक बेट करतो. कॉल आला की पुढे चेक. एक्का-राजाला फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून बरं काही साधारण तीनातून एकदा मिळतं. न लागता चौघांवर बेट करायचं मी पूर्ण बंद केलंय. आमच्याकडे कुणीतरी तळाची जोडी घेऊन बसलेलंच असतं, आणि तो माणूस हलत नाही.

आठवणीवर भरवसा ठेवू नका, हे मात्र कळकळीने सांगतो. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. हाताने पिसून-वाटून तासाला वीस-पंचवीस डाव होतात. शनिवारी चार तास खेळलो तरी दोन-तीन आठवड्यांतून एकदाच एक्के दिसणार. त्यात एखादा मोठा पॉट गेला की तोच वर्षभर डोक्यात राहतो, आणि शांतपणे जिंकलेले छोटे डाव कुणाला आठवत नाहीत. माझ्या वहीतल्या एक्क्यांच्या बऱ्याच नोंदी अशाच दोन ओळींच्या आहेत: रेझ, एक कॉल, फ्लॉपला बेट, सगळे गेले.

पुढचे दोन महिने राण्या आणि गुलाम मोठ्या ब्लाइंडवरून कसे खेळायचे ते तपासणार आहे. तिथे पुढच्या प्रत्येक फेरीत बटणाच्या आधी बोलावं लागतं, त्यामुळे बटणावरचं माप तसंच चालणार नाही. सध्या तिथे प्रत्येक आलेल्या माणसामागे दीड ब्लाइंड वाढवून बघतोय. 2000 आणि 500 च्या शनिवारांचे रकाने वेगळे ठेवलेत.